पातळी

टिपणीस प्यायचे गुरुवारी, दोन पेग, मोजून,
परवान्यावर मिळणारी सगळ्यात स्वस्त,
सोडा घालून, बातम्या बघत.
भारी बाटल्या काचेच्या कपाटात.
त्यांच्याकडे तोंड करून ही प्यायची,
देवघरासमोर पाट मांडून जेवावं तसं.

रुवीतल्या दोन खोल्यांत एकोणीस बाटल्या.
पाहुण्यांना आधी त्या दाखवायच्या, मग शाल्मली.
कुठली कुठल्या बेटावरची, किती वर्षं लाकडात,
आता बाजारात भाव काय.
सगळं सांगून झालं की
कुरियनच्या ग्लासात स्वस्तातलीच ओतायची.
कुरियन हसायचा. बावीस वर्षं हसला.

ही शाल्मलीच्या दहावीला.
ही तिच्या लग्नात.
ही मी रिटायर होईन त्या रात्री.
दहावी झाली; म्हणाले, बारावी होऊ दे.
लग्न तिनं परदेशात केलं, एका मंगळवारी,
आम्ही पडद्यावर पाहिलं.
पडद्यासमोर बसून फोडणार तरी काय?

शनिवारी मी फडकं मारायचे.
बुडाला धरून. मानेला हात लावायचा नाही, ही ताकीद.
इतक्या हळू मी पोरीलाही कधी न्हाऊ घातलं नव्हतं.

ऑगस्टात एसी बंद करून गावी जायचो.
परत आलो की टिपणीस चपला न काढता कपाटाशी.
एकेक बाटली उजेडात धरायचे,
लेबलाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक रेघ, शेजारी साल.
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडतात तशी,
फक्त उतरती.
सील शाबूत. बूच जागेवर.
कोणी प्यायलं नव्हतं, आणि कमी झालं होतं.
"हवा पिते," ते म्हणाले.
मी म्हटलं, मग हवेला तरी विचारा, कशी होती.

आता व्हिसा संपतोय.
विमानात माणशी दोन लिटर.
विकायची सोय नाही, परवान्यावर नाव यांचं.
म्हणजे पाच न्यायच्या, चौदा उरणार.
कुठल्या पाच, ते ठरेना. तीनदा यादी केली,
तीनदा फाडली.

हसायला मलाही आलं असतं.
पण फ्रीझर रिकामा करताना
तळाशी माझे सोडे सापडले,
वरसोलीचे, आईनं स्वतः निवडून दिलेले,
पिशवीत पिशवी, तीन पुड्या.
कोणी जाणतं जेवायला आलं की करीन,
म्हणून ठेवलेले.
आईला जाऊनही सहा वर्षं झाली.
एवढ्या वर्षांत जाणतं कोणी आलंच नाही म्हणजे.
टिपणीस रोज पानावर बसायचे,
ते काही आलेले नव्हते.

मग केली खिचडी. सगळे सोडे, एकदम.
कुरियनला हाक मारली.
टिपणिसांनी काही न बोलता कपाट उघडलं.

काचसामान खोक्यांत गेलेलं,
म्हणून स्टीलचे पेले, ताकाचे.
बूच निम्मं तुटून आत पडलं, त्याचा भुसा झाला.
मी चहाची गाळणी आणली.
तीस वर्षं लाकडात, सोळा आमच्याकडे,
आणि शेवटी गाळणीतून.

वास आला: मत्रहच्या धक्क्यावरचा ओला दोर,
करपलेला गूळ,
शाल्मलीच्या गुडघ्यांना लावायचे ते आयोडीन.
एक घोट घेतला. जीभ भाजली, मग नाही.
सोडे जरासे खवट लागत होते, कोणी बोललं नाही.
कुरियन पहिल्यांदाच हसला नाही.
डोळे मिटून बसला बराच वेळ,
मग म्हणाला, "टिपणीससाब, और है?"

टिपणीस पेल्यात बघत होते.
"चांगली आहे का हो?" मी विचारलं.
"कळत नाहीये," म्हणाले.
"आधी कधी प्यायलो असतो तर सांगता आलं असतं."

सवयीनं त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली.
एका संध्याकाळीत एवढं खाली
सोळा वर्षांत कधी गेलं नव्हतं.
खिसा चाचपला, पेन्सिलीसाठी.
ती कुठल्या खोक्यात, देव जाणे.
तोवर कुरियननं पेला पुढे सरकवला होता,
उघड्या फरशीवर त्याचा केवढा आवाज झाला.