वारं सुटायची वाट

पहाटे साडेपाचला, बांबोळीच्या सर्जरी वॉर्डात
डॉक्टर चौदा खाटांना एकच प्रश्न विचारत येतो:
गॅस गेला?

मी मान हलवतो. नाही.
सत्तावीस वर्षं डिचोलीच्या शाळेत
सातवीला अन्नाचा प्रवास शिकवला,
आणि आता माझ्याच पोटात वाहतूक बंद.

शेजारच्या खाटेवर बेतूलचा सांतान, हर्नियाचा.
"वारें सुटतलें, मास्तर," तो म्हणतो.
त्याला दर्याचा अनुभव आहे,
मला फक्त तक्त्याचा.

तो तक्ता अजून असेल मागच्या भिंतीवर,
जठराचा डावा कोपरा वाळवीने खाल्लेला.
छडीचं टोक ओठांवर ठेवून सुरुवात करायचो:
इथे लाळ भेटते, भाताला फोडते,
उकड्या तांदळाचा घास सावकाश चावून बघा,
गोड लागेल.
कुणी चावत नसे. मधली सुट्टी वीस मिनिटांची.

मग अन्ननलिका. उलटे टांगलात तरी घास पुढेच जाईल,
असं म्हटल्यावर दोन मुलं खरंच टांगून घ्यायला तयार.
मग जठर, आम्लाचं, घुसळणारं,
आणि त्याच्या तळाशी एक मानस.
वडील आखाड्याला खाजनाच्या मानशीवर राखणीला होते,
फळी किती उचलायची, किती पाणी सोडायचं
हे ते भरती-ओहोटी बघून ठरवत.
आतली फळी कोण उचलतं, असं एकाने विचारलं होतं.
मी म्हणालो, पुढचा धडा.

लहान आतडं साडेसहा मीटर, यावर कुणाचाच विश्वास बसेना,
म्हणून सुंभ मोजून आणला.
एक टोक फळ्याच्या खिळ्याला,
दुसरं दारातून व्हरांड्यात, थेट काजूच्या बुंध्याला.
झाडापाशी उभी प्रज्योती गावस ओरडली,
"सर, एवढं सगळं माझ्यात?"
"घडी घालून," मी म्हणालो.

त्यातलं दीड हात माझं परवा कापलं.
आधी डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं.
फार वाईट होतं. चित्र.
मोठ्या आतड्याला वळणंच नव्हती.
पेन मागून घेतलं आणि दुरुस्त करून दिलं,
मग सही केली.

तिसरी रात्र. सलाईनचे थेंब मोजतो.
स्वादुपिंड हे नाव कुणी ठेवलं असेल?
बिचारं स्वतः काहीच चाखत नाही.
आंबाड्याचं सासव आठवतो मुद्दाम:
तोंडाला पाणी सुटतं.
म्हणजे वरचं ऑफिस चालू आहे,
खाली निरोप पोचत नाही.

रात्रपाळीला प्रज्योती. तीच.
स्टेथोस्कोप टाक्यांपासून दूर ठेवत, उजव्या बरगडीखाली
थोपटून म्हणते,
"यकृत उजवीकडे, सर. लाल पेनाचा गोल अजून आठवतो."
सहामाहीत तिने ते डावीकडे काढलं होतं
आणि मी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती.
ती हसते. तिने ते केव्हाच पोटात घातलंय.
मला आता कळतंय की माझ्या पोटात ते तसंच पडून होतं.

"आधी लहान आतडं जागं होतं," ती सांगते,
"मग जठर. मोठं सगळ्यात शेवटी,
घरच्या मालकासारखं."
"हे आपल्या पुस्तकात नव्हतं."
"नव्हतं, सर."

तीनच्या सुमारास बेंबीच्या डावीकडे काहीतरी हललं.
होडी वाळूवरून पाण्यात ढकलताना येतो तसा
बारीक, ओला आवाज.
मग थांबलं. मग पुन्हा, थोडं खाली.
मी श्वास धरून तक्त्यावरून बोट फिरवत गेलो,
आडवं आतडं, उतरतं आतडं, ते शेवटचं वाकण—

"सुटलें!" सांतान अंधारात ओरडला
आणि स्वतःचे टाके धरून हसत बसला.
चौदापैकी नऊ खाटा जाग्या झाल्या.
कुणीतरी टाळी वाजवली.

साडेपाचला डॉक्टर दारात दिसताच
त्याने विचारायच्या आत
मी हात वर केला.

दुपारी बायकोने पेजेची निवळ आणली, चार चमचे, मीठ घालून.
चावण्यासारखं त्यात काही नव्हतं.
तरी बराच वेळ चावत बसलो.