पातल हाय

घणसोलीत आमच्या बिल्डिंगचा पाया खणताना
खाली करडा चिखल लागला होता,
शिंपल्यांसकट.
बाबा वाकून त्याचा वास घेत राहिले.
कॉन्ट्रॅक्टरला वाटलं, काहीतरी हरवलंय.
(साडेबारा टक्क्यांचा प्लॉट.
उरलेले साडेसत्त्याऐंशी कुठे गेले
हे इथे कुणी कुणाला विचारत नाही.)

आता चौथ्या मजल्यावर, त्याच चिखलाच्या वर,
मी दर रविवारी समुद्र कालवते.
फिल्टरचं निर्जीव पाणी, चाळीस लिटर.
परदेशी मिठाची निळी बादली.
लिटरला सदतीस ग्रॅम,
काटा स्वयंपाकघरातलाच, एरवी केकचा मैदा मोजायचा.
बाबा दारात उभे राहून बघतात.
हसुराम मढवी, मिठागरात चाळीस वर्षं,
पायाच्या भेगांतलं पांढरं कधी गेलंच नाही,
आणि मुलगी मीठ विकत आणते
बादलीवरचं माशाचं चित्र बघून.

टाकीत करंगळी बुडवतात. जिभेला लावतात.
"पातल हाय."
बाबा, यंत्र पस्तीस दाखवतंय.
"यंत्राला जीभ हाय का?"

दोन क्लाऊनफिश. मोठी ती मादी,
लेकीने तिला सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव दिलंय.
दोघंही काचेतच जन्मलेली,
कुठल्याशा शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली.
समुद्रफूल मी कामोठ्याहून आणलं,
पिशवी मांडीवर, रिक्षावाल्याला सारखं "हळू, हळू".
हिरवट बोटं, प्रत्येक टोकाला फुगा.
वाटलं, आता धावत जातील.

दोन महिने ती दोघं
शेवाळ घासायच्या चुंबकाला बिलगून राहिली.
काळं प्लास्टिक. त्यालाच अंग घासायचं,
त्याच्यासाठी माझ्या बोटांना चावायचं.
मी फुलाचा फोटोसुद्धा काचेला चिकटवून बघितला.
"राहू दे गो," बाबा म्हणाले,
"गावातला घर पाडला तवा
मी पन चार म्हयने गॅलरीतच झोपलू ना,
तुझ्या वॉशिंग मशीनच्या मागं."

फूल मात्र चालायला लागलं.
रात्रीतून एक वीत.
दगड सोडून काचेवर, काचेवरून पुन्हा दगडावर,
पंपाची पाती कुठे फिरतायत ते न बघता.
मी पंपाला स्पंज बांधला
आणि तीन वाजता लाल टॉर्च घेऊन उठले.
बाबा आधीच खुर्ची टाकून बसलेले,
उधाणाच्या रात्री बांध राखत बसायचे तसे.
"त्याचा काय चुकला," म्हणाले,
"पानीच बरोबर नसंल तं बसंल कुठं?"

शेवटी तपासणीची बाटली मागवली.
आतलं पाणी पस्तीसचं, कंपनीची हमी.
थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला.
यंत्र म्हणालं, अडतीस.
म्हणजे आमचं पस्तीस
इतके दिवस बत्तीस होतं.

मी काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.
पंधरा दिवस चमच्याचमच्याने वाढवत नेलं.

फूल मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं,
खाचेत पाय रोवून,
जिथून मला ते धड दिसतही नाही.
पैसे मी दिले, जागा त्याने निवडली.
आणि एका सोमवारी, डबा भरताना मान वळवली तर
मोठी आत.
नुसती शेपटी बाहेर, केशरी,
हिरव्या बोटांत अशी लोळतेय
जणू इथेच वाढली.
धाकटा अजून चुंबकापाशी,
जाऊ की नको असा.

हाक मारली. बाबा आले, बराच वेळ बघितलं,
सवयीने करंगळी बुडवली.
काही म्हणाले नाहीत. मग,
"ही बादली केवढ्याला?"
मी निम्मी किंमत सांगितली.

ते पेरांवर कसलासा हिशेब करू लागले,
एक हात संपला, दुसऱ्यावर आले,
मधेच थांबले,
आणि करंगळी लुंगीला पुसून
बातम्या लावायला गेले.