बादलीचा रकाना

अल्कोराच्या या टाइल-कारखान्यात चौदाशे सेन्सर आहेत.
प्रेसचा दाब, भट्टीची धग, पट्ट्याची थरथर,
दर सेकंदाला कुणीतरी नाडी धरून बसलेलं.
माझं काम त्या साऱ्या कुरबुरी ऐकायचं,
रात्रपाळीला, काचेच्या खोलीत,
निवलेल्या कॉफीशेजारी.

मार्चमध्ये पडद्यावर एक गाठ दिसली.
पश्चिमेचा वारा सुटला
(पोनेंत म्हणतो आम्ही त्याला,
डोंगर उतरून येतो, अंगातलं पाणी पिऊन जातो)
की ड्रायरमधून निघणाऱ्या टाइलांना कडेला तडे जातात.
केसाएवढे. शंभरात नऊ.
हे जुनंच दुखणं.
पण काही रात्री वारा तोच, माती तीच,
आणि तडे फक्त दोन.

सिस्टमला विचारलं.
तिनं अकरा महिने उपसले,
चार अब्ज नोंदी तांदळासारख्या निवडल्या
आणि पहाटे खडा हातावर ठेवला:
कर्मचारी क्रमांक २१७.
कारण: सापडले नाही.

एलिसेउ मोनफोर्ट. फोर्कलिफ्ट चालवतो.
भट्टीशी त्याचं देणंघेणं नाही, ड्रायरशी तर नाहीच.
योगायोग आहे, व्यवस्थापक म्हणाले, गाळून टाक.
एक कळ दाबायची होती.

पुढच्या पोनेंतला दोन वाजता मी खाली उतरले.
प्रेस आणि ड्रायरच्या मधल्या बोळात
तो निळ्या बादलीतून फरशीवर पाणी शिंपडत होता,
सावकाश, दारात सडा घालावा तसं.

"हे कुणी सांगितलं तुला?"
"कुणी नाही. आई इथंच कडा रंगवायला होती.
वारा फिरला की ओठांवरून जीभ फिरवायची.
म्हणायची, ओठ तडकले की टाइल तडकते."
मग बादली पायामागे सरकवत,
"लिहिणार का? ओली फरशी नियमात बसत नाही."

लिहिलं. सोमवारी नवा रकाना उघडला:
बादली, हो / नाही.
बैठक झाली. वाफ सोडणारं यंत्र मागवायचं ठरलं.
त्याला एक आकडा लागत होता: किती लिटर?

मी एलिसेउकडे गेले.
त्यानं हातमोजे काढले, बराच विचार केला.
"ओठांना बरं वाटेपर्यंत."

रकाना फक्त अंक घेतो.
मी ते वाक्य टाकून पाहिलं; लाल चौकट आली.
मग बारा लिहिलं. मनानं.
चार अब्ज मोजलेल्या आकड्यांत
तेवढा एक माझ्या पदरचा.

आता यंत्र बारा लिटर वाफ सोडतं, काटेकोर.
तडे तीन.
सगळे खूश आहेत, तिसऱ्याबद्दल कुणी विचारत नाही.
निळ्या बादलीत कुणीतरी बोल्ट भरून ठेवलेत.

काल रात्री पोनेंत सुटला.
पडद्यावर सगळं हिरवं होतं.
मी ओठांवरून जीभ फिरवली
आणि बोल्ट ओतायला
खाली गेले.