मागची गाठ

बस उभी आहे नदीकाठी, किंचित डावीकडे कललेली.
दरवर्षी मी चाकाखाली एक फळी सरकवते,
दरवर्षी जमीन तेवढीच खचते.
त्यामुळे टाचणी पडली तर शोधावी लागत नाही,
ती आपणहून जाऊन थांबते सातव्या खिडकीखाली,
जिथं पूर्वी शाळेतली दंगेखोर पोरं बसायची म्हणे.

कापड बेतायला टेबल नाही.
मधल्या वाटेवर अंथरते, गुडघे टेकते
आणि स्टिअरिंगकडून चुलीकडे कापत जाते.
वाट एका एप्रनइतकीच रुंद.
रॉसच्या खाटकाचा बेतायचा होता तेव्हा
दोन्ही कडा कपाटांवर चढवाव्या लागल्या,
आणि मी मधे, खोऱ्यात बसल्यासारखी.

दाराबाहेर वेका असतो.
उडता न येणारा, तपकिरी, निगरगट्ट पक्षी.
गेल्या मंगळवारी त्यानं लाल दोऱ्याचं रीळ पळवलं.
मी मागे, अनवाणी, ओठांत टाचण्या,
त्यामुळे शिव्याही देता येईनात.
दोरा उलगडत गेला हाराकेकेच्या पात्यांतून
थेट पाण्यापर्यंत.
गुंडाळत गुंडाळत परत आणला, भिजलेला.
त्या आठवड्यातल्या सगळ्या खिशांना
चिखलाचा वास होता.
खपले तरीही.

छतावरच्या पट्ट्या वीज देतात, पण ऊन असलं तर.
या किनाऱ्यावर ऊन पाहुण्यासारखं येतं,
चहा होईस्तोवरही टेकत नाही.
मग हातानं चाक फिरवते मशीनचं.
बस बारा वर्षांत एक इंचही पुढे गेली नाही
आणि मी बसल्या जागी
मैलच्या मैल शिवण घातलीय,
याचं हसू येतं कधी कधी. रोज नाही.

शनिवारच्या बाजारात ऑब्री आला.
जन्म लाकडाच्या गिरणीत गेला त्याचा,
उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.
त्यानं सगळे एप्रन उलटे करून पाहिले,
नाड्या ओढून पाहिल्या, घोडा पारखावा तसं.
म्हणाला, ‘नोएलीन,
बांधावा न लागणारा आहे का एखादा?’
का, म्हणून मी विचारलं.
विचारायला नको होतं.
‘मागची गाठ बेरिल मारायची.’
मग घाईघाईनं त्यानं किंमत विचारली
आणि पुराबद्दल काहीतरी.

दोन रात्री जमेना.
बटण लावलं, तर बटणालाही बोटंच हवीत.
हूक लावला, तो पाठीत रुतला.
तिसऱ्या रात्री पट्टे पाठीवर
फुलीसारखे एकमेकांवरून नेले
आणि कमरेशी शिवूनच टाकले.
डोक्यातून घालायचा. बस्स.

मोठा आरसा बसमध्ये मावत नाही.
अंधार पडला की मागची काच आरसा होते,
तिच्याकडे पाठ करून, हातात छोटा आरसा धरून
स्वतः घालून पाहिला.
तेव्हा ध्यानात आलं,
एकोणीस वर्षं मी माझी गाठ
न बघता मारत आलेय
आणि ती कधी सुटलेली नाही.
काच धुरकटलेली होती.
पुसली नाही.

पुढच्या शनिवारी ऑब्री एप्रन घालूनच हजर.
छातीवर पीठ, खिशात चमचा.
छान झालाय म्हणाला, सोपा आहे.
चीज घातलेले दोन स्कोन ठेवले माझ्यापुढे,
एका बाजूनं करपलेले.
गेला नाही मात्र.
शेजारच्या मधाच्या बाटल्या हलवून पाहिल्या,
परत आला.
‘मागे जरा नाडी सोडशील का? लोंबती?
बांधायला नाही. तशीच.
चालताना मागे काहीतरी हलायचं,
त्याची सवय.’

तिथंच, उभ्यानं, त्याची पाठ माझ्याकडे वळवून
दोन वीतभर नाड्या जोडल्या,
कशालाही न बांधलेल्या.
टाका मात्र दुहेरी घातला.