कूलर बंद करा

शेडमध्ये एकशे चाळीस कूलर उभे आहेत
आणि त्यातला एकही चालू नाही.
मे महिना. हिंगण्याचा पत्रा.
बाहेर सत्तेचाळीस म्हणतात,
आत कोणी मोजत नाही.

सकाळपासून टाकीच्या शिवणीला काजळी धरत होती.
आधी वाटलं, गॅस कमी पडतोय.
मग वाटलं, पत्राच हलका आलाय या खेपेला.
शेवटी बंदुकीचं तोंड कागदासमोर धरलं :
लाल ठिपका, एरवी टिकलीसारखा गोल,
आज एका कडेनं फाटलेला.

"काच गेली," मी म्हटलं.
"काहून गेली?" लांजेवारकाका म्हणाले,
जणू काच सांगून जाते.

किल्ली काढून मी माझ्या खिशात टाकली.
मग पंखे बंद केले, एकेक.
मग कोपऱ्यातला तो नमुन्याचा कूलर,
ज्याच्या वाळ्यासमोर सगळे पाळीपाळीनं
शर्ट वर करून उभे राहतात.
"तो बी?"
"तो बी. वारा नको."
"कूलरच्या कारखान्यात वारा नको! अवघड आहे बाप्पा."

बांगड्या काढल्या. केस रुमालात बांधले.
हात धुतले कोपरापर्यंत, मग हातमोजे.
बंदुकीचं नाक स्पिरिटनं पुसलं,
दोन स्क्रू सैल केले
आणि काडेपेटीचं घर सरकावं तसा
छोटा कप्पा बाहेर ओढला.
उघड्या फटीवर लगेच चिकटपट्टी.
ग्राइंडरची धूळ आमच्याकडे
गणपतीच्या फोटोच्या काचेआतही पोचते,
तिला फट दाखवायची नसते.

जुनी काच तळहातावर घेतली.
मधोमध राजगिऱ्याएवढा डाग.
बस, एवढाच.

ही काच तशी काही करत नाही.
न दिसणारा उजेड तिच्यातून जातो,
ती नुसती मध्ये उभी असते.
उलटी ठिणगी उडाली तर आधी तिला लागते,
मागच्या महागड्या भिंगाला नाही.
पॅकेटवर तिचं नाव संरक्षक काच,
शेठच्या वहीत : किरकोळ.

पॅकेटात दोनच उरल्या होत्या.
पहिली मी कडेला धरून उचलली,
आणि काका वाकले.
एकतीस वर्षं आर्कवर काढलेला माणूस.
शिवण झाली की फुंकर,
खपली उडवली की फुंकर.
रात्री डोळ्यांत वाळू भरायची
तेव्हा काकू बटाट्याच्या चकत्या ठेवायची
आणि त्यावरही, म्हणतात, फुंकर.
तशीच त्यांनी काचेवर घातली,
मायेनं, खर्रा गालात असताना.

कोणी काही बोललं नाही.
पत्रा तडतडला उन्हानं.
काचेवर तांबूस, बारीक, ओला शिंतोडा.
पुसून चालत नाही का, त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही
की पुसलेलं असतंच, फक्त दिसत नाही.

ते उठले, बाहेर गेले,
पार गेटपाशी, नळाखाली चूळ भरली
आणि तिथूनच ओरडले,
"लाव आता! मी दूर हाओ!"

दुसरी काच मी श्वास धरून बसवली.
रबरी कडी नीट बसली का पाहिलं, दोनदा.
कप्पा आत, स्क्रू आवळले,
किल्ली लावली.
कागदावर ठिपका गोल आला.

पाच वाजता पहिली टाकी निघाली.
शिवण चांदीसारखी, पाणी भरून पाहिलं,
एक थेंब नाही.
तेव्हा कुठे फैजाननं कूलरचं बटण दाबलं
आणि वाळ्याचा ओला वास
सगळ्यांच्या पाठीवर पडला.

काका आत आले नाहीत.
दारात उभे राहून
ती वाया गेलेली काच आभाळाकडे धरून,
एक डोळा मिटून, मग दुसरा.

"यात तर काहीच दिसून नाही राह्यलं, पोरी."
"पेटल्यावर दिसतं, काका."

त्यांनी मान हलवली.
काच कागदात गुंडाळली, खिशात ठेवली,
खर्र्याची पुडी आधी
दुसऱ्या खिशात टाकून.