खोबरेल घालू नकोस

खोबरेल घालू नकोस, अंकुश.
दिवसा चालतं, बोटांना बरंही वाटतं,
पण पौषात पहाटे सात अंशाला
नाशकात डबीतलं तेल थिजतं
तसंच पिस्टनमधलं.
ओझरच्या मांडवाबाहेर नवरदेव घोड्यावर,
घोडा अडलेला,
आणि कॉर्नेटचं मधलं बटण खाली गेलेलं
वर यायलाच तयार नाही.
माझंच तेल होतं ते.

पिस्टन तीन. प्रत्येकावर आकडा कोरलाय.
एकाच्या घरात दुसरा घालू नकोस,
बसेल, पण वाजायचा नाही.
पाणी कोमट घे. कढत ओतलंस
तर लॅकर पापडासारखं फुगून येतं.
चिंच नको, राख नको, पितांबरी तर बघूसुद्धा नकोस.
समोरची जनाक्का रोज म्हणते,
पितळ ते पितळ, समई काय नि बाजा काय.
समईत आत कोण डोकावतंय, अक्का?
बाजाचं सगळं आतच असतं.

या तांबट आळीत दिवसभर ठोके.
त्यांच्या ठोक्यानं हंडा घडतो,
आपल्या ठोक्यानं वरातीतली धक्काबुक्की पुसायची.
ही गोळी बेअरिंगची,
सातपूरच्या भंगारातून किलोवर आणलेली.
पोच्याखाली सरकव, वरून लाकडी हातोडी,
हलकी, पुन्हा हलकी.
पितळ दमतं. दमलं की तडकतं.
आणि थुंकीच्या चावीखाली हे बूच,
गंगापूर रस्त्यावरच्या वाइनच्या बाटलीचं.
मी पीत नाही. हॉटेलातला सोपान आणून देतो मूठभर,
त्याच्या पोराची पिपाणी जोडून दिली होती कधीतरी.

आता हा मुनाफ मास्तरांचा कॉर्नेट.
दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी येतो,
त्याच हिरव्या शालीत.
भोंगा उलटा धरला की अक्षता सांडायच्या,
मग नळीतून थुंकीचं हिरवं.
मला माणूस कळतो त्यावरून:
तंबाखूवाल्याचं काळपट,
चहावाल्याचं चिकट,
मास्तरांचं पातळ, पोपटी,
रोज फुंकणाऱ्याचं.

यंदा दाणा पडला नाही.
ब्रश कोरडा बाहेर आला.
पिस्टनवर गेल्या कार्तिकातलं माझंच तेल,
डिंकासारखं झालेलं,
जसंच्या तसं.

आणि काल शाल सोडताना सून सांगत होती,
अब्बा रोज संध्याकाळी रियाजाला जातात,
टाळकुटेश्वरच्या पुलाखाली,
घरात नातवाचा अभ्यास असतो म्हणून.
पेटी घेऊन जातात,
अंधार पडला की पेटी घेऊन येतात.

वरातीत हल्ली ते नुसते पुढे चालतात,
हातानं ताल देतात, पोरं वाजवतात.
शिमग्यात वरचे दोन दात गेले,
नवे बसवले.
मला दाखवले इथेच, या स्टुलावर बसून.
कसे दिसतात, म्हणाले.
मी म्हणालो, झकास.

तू बोलू नकोस कुणाशी.
जुनं तेल पूस. नवं घाल,
एकेका पिस्टनला तीन थेंब, फिरवत फिरवत.
बिल नेहमीएवढंच लिही.
भोंग्याच्या कडेला तो पोचा आहे ना,
अंगठ्याएवढा, भगूरच्या लग्नातला,
तो काढायचा नाही.
त्यांनीच सांगितलंय, तिथं बोट टेकतं त्यांचं.

मला एक गाणं येत नाही, अंकुश.
चाळीस वर्षं तपासायला म्हणून एकदा फुंकतो,
बटण न दाबता,
जो येईल तो सूर.
आज फुंकला तर मोकळा आला,
पार सरकारवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला असेल.
जनाक्कानं मान वर केली,
आज कुणाचं लग्न काढलंस रे?

शाल गुंडाळ. सैलच.
ही तेलाची बाटलीही ठेव आत, बिलात धरू नकोस.
आणि झाकण फार पिळू नकोस,
बोटं म्हातारी आहेत.