रक्ताचं पाणी

ऑकलंडच्या रक्तपेढीत माझी रात्रपाळी असते.
युरियाच्या द्रावणात दोन थेंब रक्त सोडायचं
आणि घड्याळ लावायचं.
कुणाचंही असो, बिशपचं की गोदीतल्या हमालाचं,
मिनिट-दोन मिनिटांत पेशी फुटतात,
नळी लाल काचेसारखी आरपार.
झालं रक्ताचं पाणी.

लेसिएलीचं झालं नाही.
वावाऊ बेटावरून आणलेली, तिसरं बाळंतपण, हिमोग्लोबिन चार.
पाच मिनिटं. दहा.
नळीतून पलीकडचं घड्याळ दिसेना.
पेशींवर एक खूण असते आपल्या बहुतेकांच्या,
हिच्या नव्हती.
मागच्या खेपेला चढवलेलं परकं रक्त
शरीरानं लक्षात ठेवलं होतं
भावकीतल्या जुन्या वैरासारखं.

सकाळपर्यंत अख्खं चर्च खाली जमलं.
मामे, मावसे, गायनमंडळातले खर्जातले बाप्ये,
एकेचाळीस दंड, बाह्या वर.
सगळ्यांचं पाणी झालं.
नाही, चुकलो. धाकट्या भावाचं नाही झालं.
पण त्याला कावीळ होऊन गेलेली, न सोडणारी.
तासभर तो जिन्यात बसून होता
स्वतःच्या दंडाकडे बघत.

मग याद्या, फोन, तिकडे किती वाजले असतील.
आणि सोयरिक निघाली कुठून, तर फिनलंडमधून,
जिथे समुद्रावरून म्हणे गाडी चालवतात हिवाळ्यात.
उणे ऐंशीत सात वर्षं निजलेल्या दोन पिशव्या
कोरड्या बर्फाच्या वाफेत येऊन उतरल्या.
वितळवल्या. धुतल्या.
गरज नव्हती, तरी दोन थेंब युरियात टाकले.
गढूळ.
गढूळच राहिली नळी.
मी एकटाच हसलो, सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत.

लेसिएलीच्या आईनं कॉरिडॉरमध्ये गाठलं.
कुठल्या घरातलं? आई कोण त्याची?
म्हटलं, नाव देत नाहीत. नंबर असतो फक्त.
लिहून दे, म्हणाली.

संध्याकाळी खाटेशी प्रार्थना चालली होती.
टोंगन मला येत नाही, नावं तेवढी कळतात.
वारलेल्या आजोबांच्या नंतर,
बाळाच्या आधी,
तिनं तो नंबर घेतला, आकड्या-आकड्यावर थांबत.
शेवटचे दोन उलटे झाले.
मी दारातच होतो.
दुरुस्त नाही केले.